पाटी नसलेलं झाड: कोरफड, घायपात की हॉवर्थिया?

पत्र:

वर्षभरापूर्वी एका स्नेह्यांनी काचेच्या वाडग्यात लावलेलं लहानसं सक्युलंट भेट दिलं. नावाची पाटी नव्हती आणि देणाऱ्यांनाही नाव ठाऊक नाही. पानं जाड, टोकदार, बोटभर लांबीची, गोलाकार रचलेली. पानांच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी आहेत, आतल्या अंगाला तेच ठिपके तुरळक. कडेला कोरफडीसारखे काटे नाहीत. आधी ते पुस्तकांच्या कपाटावर होतं, तेव्हा मधूनच उंच वाढू लागलं. म्हणून खिडकीत ठेवलं, तर पंधरा दिवसांत तांबूस झालं. खालची पानं सुकताहेत. आठवड्यातून दोनदा दोन-दोन चमचे पाणी घालते. गेल्या महिन्यात तारेसारखा बारीक दांडा आला, आता त्याला लहान पांढुरकी फुलं येताहेत. फोटोवरून झाडं ओळखणाऱ्या ॲपने एकदा कोरफड, एकदा घायपात आणि एकदा हॉवर्थिया असं उत्तर दिलं. नेमकं काय आहे हे? कोरफड असेल तर गर त्वचेला लावला तर चालेल ना? आणि फूल आलं की हे झाड मरतं असं कुणी म्हणालं, ते खरं का?

उत्तर:

तुमचं झाड हॉवर्थियाच्या गटातलं आहे. पत्रातलं वर्णन बरोबर असेल तर ते हॉवर्थिऑप्सिस अटेन्युआटा, म्हणजे झेब्रा हॉवर्थिया या नावाने मिळतं तेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कोरफड नाही, घायपात तर नाहीच. फूल आल्याने ते मरणार नाही. गर मात्र लावू नका. हॉवर्थिया विषारी समजली जात नाही, घरात मांजर-कुत्रं असेल तरी काळजीचं कारण नाही. पण नाव पक्कं झालेलं नसताना कुठल्याही सक्युलंटचा रस त्वचेला लावणं किंवा तोंडात घालणं हा शहाणपणा नव्हे. काही युफोर्बियांचा (दुधासारखा चीक असलेल्या, कित्येकदा निवडुंगासारख्या दिसणाऱ्या झाडांचा) चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो, आणि खुद्द कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीकही जुलाब करणारा असतो.

आता हे कशावरून म्हणायचं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं पाटी नसलेलं झाड घरी आलं की तुम्हाला स्वतःलाच ते करता येईल.

घोटाळा बहुधा एकाच कारणाने होतो. झाडाचं जे बदलतं तेच आपल्या डोळ्यांत आधी भरतं. रंग, उंची, आकार, पानांचा पसरटपणा हे सगळं उजेड, पाणी आणि मुळांच्या तब्येतीवर ठरतं. तुमच्याच झाडाचं बघा. कपाटावर अंधारात ते उंच झालं, खिडकीत तांबूस झालं. एकाच झाडाची दोन रूपं, आणि प्रत्येक रूपाचा फोटो वेगळ्या नावाकडे नेणार. याउलट पानाची कड, पानाचं टोक, पानांची मांडणी, चीक आणि फुलाची रचना या गोष्टी उजेड कमी-जास्त झाला म्हणून बदलत नाहीत. ओळख पटवायची ती यांच्यावरून.

पहिली खूण तुम्हीच सांगितली आहे: पांढरे ठिपके. पण सक्युलंटवरचं पांढरं म्हणजे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि फोटोत त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यामुळे इथे डोळ्यापेक्षा नख कामाचं. एका पानाच्या बाहेरच्या अंगावरून नख टोकाकडून देठाकडे हलकेच ओढा. नख खडखडत अडखळलं तर ते उंचवटे आहेत, पानाच्याच पेशींचे बनलेले, आणि ते कधीच निघत नाहीत. हॉवर्थियाच्या कडक पानांच्या जाती, काही गॅस्टेरिया आणि अरिस्टालो (दोन्ही कोरफडीचे आणि हॉवर्थियाचे नातलग) यांच्यावर असे उंचवटे असतात. नख गुळगुळीत घसरलं आणि पांढरेपणा तसाच राहिला, तर ते नुसते रंगाचे डाग. लहान कोरफडीवर असे डाग खूप असतात, आणि कोवळ्या कोरफडीची हॉवर्थिया समजून गफलत होते ती इथेच. नखाबरोबर पिठासारखी भुकटी आली आणि खाली हिरवी रेघ उमटली, तर तो मेणाचा थर. एचेव्हेरियाच्या कित्येक जातींवर तो असतो, एकदा पुसला की त्या पानावर परत येत नाही, म्हणून अशा झाडाची पानं उगाच हाताळायची नसतात. चौथं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण: पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, बोटाने चिरडले की चिकट लागतात. पाचवं म्हणजे पाण्यातल्या क्षाराचे डाग. ते पानांच्या टोकांना किंवा पाणी साचतं तिथे दिसतात आणि पातळ व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसले जातात. (सहावाही प्रकार आहे, पण त्याला निसर्ग जबाबदार नाही: हल्ली झेब्रा हॉवर्थिया चक्क रंग फवारून विकतात. गुलाबी, निळं किंवा चंदेरी सक्युलंट दिसलं तर आधी नखाने खरवडून बघावं. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगतं.)

तुमचे ठिपके आडव्या ओळींत आहेत, म्हणजे ते उंचवटेच असणार. ओळीत बसलेले ढेकूण कुणी पाहिलेले नाहीत. तरी नख फिरवून खात्री करा.

मग पानाची कड. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर फोनचा कॅमेरा पुरेसा मोठा करून दाखवतो. कोरफडीच्या आणि तिच्या बहुतेक भावंडांच्या कडेला दात असतात, लहान झाडात मऊ, मोठ्यात टणक. घायपातीच्या टोकाला सुईसारखा कडक काटा असतो आणि बऱ्याच जातींना कडेलाही काटे असतात. हॉवर्थिऑप्सिस अटेन्युआटाची कड सरळ असते. तिच्यावर उंचवटे येऊ शकतात, पण आकड्यासारखे दात नसतात. टोक निमुळतं होत जातं, बोटाला टोचल्यासारखं वाटतं, पण रुतत नाही. टोकाला वाळलेल्या केसासारखा पांढरा तंतू दिसला आणि कडेला मऊ पांढरे दात असले, तर मात्र आपण दुसऱ्याच झाडाकडे बघतोय. ते अरिस्टालो अरिस्टाटा. पूर्वी त्याला कोरफडीच्याच वंशात (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) धरायचे, दिसायला ते हॉवर्थियाचं जुळं भावंड वाटतं, आणि ॲपच काय, अनुभवी माणसंही त्याला फसतात.

मांडणी बघताना झाडाकडे बरोबर वरून पाहा. पानं चहूबाजूंनी चक्राकार रचलेली असतील तर त्याला रोझेट म्हणतात. पानं फक्त दोन बाजूंना, पुस्तक उघडल्यासारखी एकावर एक बसलेली असतील आणि जिभेसारखी बोथट असतील, तर गॅस्टेरियाचा संशय घ्या. पण एक सावधगिरी हवी: कोरफडीची अगदी लहान रोपंही आधी अशीच दोन ओळींत पानं काढतात आणि वय वाढलं की रोझेटवर येतात. म्हणजे मांडणीची खूण मोठ्या झाडालाच नीट लागू पडते.

चीक बघायचा तर खालचं, तसंही जाणारं एखादं पान निवडा आणि टोकाजवळ सुई टोचा. पांढरा दुधासारखा चीक आला तर ते बहुधा युफोर्बिया; लगेच हात धुवा, डोळ्यांजवळ नेऊ नका, आणि चुकून डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुऊन डॉक्टरांकडे जा. काटेरी आणि खांबासारखी झाडं तपासायची असतील तेव्हा हातमोजे घालूनच ही चाचणी करावी. कॅक्टसमध्ये काटे ज्या लहानशा लोकरी गादीतून फुटतात ती गादी युफोर्बियात नसते, ही त्या दोघांतली आणखी एक पक्की खूण. तुमच्या झाडातून पाण्यासारखा स्वच्छ रस यावा अशी माझी अपेक्षा आहे. तेच पान मग आडवं मोडून दोन्ही तुकडे सावकाश दूर ओढा. घायपात असेल तर चिवट धागे ताणले जातात, ज्यांपासून दोर वळतात तेच. कोरफड असेल तर मध्ये पारदर्शक, बुळबुळीत गर आणि सालीखालून झिरपणारा पिवळसर, कडू चीक.

आणि फूल. तुम्हाला हे उत्तर आयतं मिळालेलं आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच दांडा कापून टाकतात! पानं एकमेकांची नक्कल करतात. कोरडवाहू प्रदेशात पाणी साठवायचं तर जाड पानांचं रोझेट सोयीचं पडतं, म्हणून आफ्रिकेतली कोरफड आणि अमेरिकेतली घायपात जवळचं नातं नसताना सारख्या दिसतात. फूल मात्र कुळाचं खरं ओळखपत्र असतं.

उमललेलं एक फूल तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पाकळ्या मोजा. पाच असतील तर एचेव्हेरिया, सेम्परव्हायव्हम, जेड यांच्या कुळाकडे बघायचं, फक्त सेम्परव्हायव्हममध्ये त्या पाचापेक्षा बऱ्याच जास्त असतात. चार असतील तर पानफुटी आणि इतर कलांचो. सहा असतील, तीन आत आणि तीन बाहेर, तर कोरफड, हॉवर्थिया, गॅस्टेरिया हा गट. तुमच्या फुलात सहाच निघतील. आता त्या सहांचा आकार बघा. हॉवर्थियाचं फूल जेमतेम दीडेक सेंटिमीटरचं, पांढुरकं, प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवट किंवा तपकिरी रेघ. ते समोरून गोल नसतं. तोंड उघडल्यासारखे वरचे आणि खालचे असे दोन ओठ दिसतात. कोरफडीची फुलं लांब नळीसारखी, लाल, नारिंगी किंवा पिवळी. गॅस्टेरियाची गुलाबी-नारिंगी, खाली लोंबणारी आणि बुडाशी फुगलेली. पोटासारखा हा फुगवटाच त्या वंशाच्या नावात आला आहे. अरिस्टालोची फुलं नारिंगी-लाल. म्हणजे तुमच्या तारेसारख्या दांड्यावरच्या पांढुरक्या लहान फुलांनी कोरफड, गॅस्टेरिया आणि ते फसवं अरिस्टालो, तिघांनाही एका फटक्यात बाद केलं. घायपातीचा तर प्रश्नच येत नाही. ती कित्येक वर्षं वाढून पूर्ण मोठी झाल्यावर एकदाच फुलते, तिचा दांडा माणसाच्या डोक्यावरून जातो, आणि त्यानंतर ते रोझेट मरतं. फूल आल्यावर झाड मरतं हे तुम्ही जे ऐकलं ते तिच्याबद्दलचं. सेम्परव्हायव्हमचंही फुललेलं रोझेट मरतं, मात्र बाजूची पिल्लं राहतात. हॉवर्थिया दरवर्षी फुलून वर्षानुवर्षं जगते.

ॲपला सगळा दोष देऊ नका. त्याला तुम्ही अख्ख्या झाडाचा एक फोटो दिला, तोही ताणून वाढलेल्या आणि तांबूस झालेल्या झाडाचा. पुन्हा विचारायचं असेल तर फोटो वेगळे द्या: बरोबर वरून एक, बाजूने पट्टी उभी धरून एक, एका पानाचं आतलं आणि बाहेरचं अंग तिरक्या उजेडात (उंचवट्यांच्या सावल्या पडल्या पाहिजेत), कडेचा जवळून एक, फुलाचा समोरून आणि बाजूने. मिळालेलं नाव म्हणजे निकाल नव्हे, संशयित. त्या नावाच्या झाडाची कड आणि फूल तुमच्या झाडाशी जुळतं का ते तपासा. दोन्ही जुळली तरच पुढे जा.

आता हॉवर्थियाच्या आतली वाटणी. अटेन्युआटाची एक बहीण आहे, फॅसिएटा, आणि दुकानात फॅसिएटा म्हणून मिळणारी बहुतेक झाडं प्रत्यक्षात अटेन्युआटाच असतात. फरक एका जागी आहे: पानाचं आतलं, म्हणजे झाडाच्या मध्याकडे तोंड केलेलं अंग. फॅसिएटाचं ते गुळगुळीत असतं, पट्टे फक्त बाहेर. शिवाय तिची पानं जास्त रुंद आणि आत वळलेली असतात. अटेन्युआटाच्या आतल्या अंगालाही उंचवटे असतात, तुरळक का होईना. तुम्ही ‘आतल्या अंगाला तेच ठिपके तुरळक’ असं लिहिलंय, त्यावरूनच मी अटेन्युआटा म्हटलं. तिथेही नख फिरवून बघा. आत अडखळलं तर काम झालं. ठिपके नुसते रंगाचे निघाले तर फॅसिएटाचा विचार करायला जागा आहे.

याच घरातली इतर मंडळी पटकन सांगते. पानांवर आडव्या उंच कडा, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या, असतील तर लिमिफोलिया. पान मोठं, जाड आणि उंचवटे मोत्यांसारखे टपोरे असतील तर टुलिस्टा प्युमिला. खोडाभोवती पानं घट्ट गुंडाळून उभा खांब झाला असेल तर राइनवार्टिआय किंवा कोआर्क्टाटा. या शेवटच्या जोडीशी तुमच्या ‘उंच वाढलेल्या’ झाडाची गल्लत होऊ शकते, म्हणून एक बघा: खांबासारख्या जातीत पानं एकमेकांवर चढलेली असतात, खोड दिसतच नाही. उजेडाअभावी ताणलेल्या झाडात दोन पानांच्या मधे खोडाचा उघडा तुकडा दिसतो आणि पानं खाली कलतात.

एक नावांची भानगड. पुस्तकांत आणि पाट्यांवर तुम्हाला हॉवर्थिया अटेन्युआटा आणि हॉवर्थिऑप्सिस अटेन्युआटा अशी दोन्ही नावं सापडतील. झाड एकच. हॉवर्थिया हा वंश 1809 मध्ये इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हार्डी हॉवर्थ यांच्या नावाने स्थापन झाला, आणि 2013 मध्ये कडक पानांच्या, उंचवटे असलेल्या जाती त्यातून काढून हॉवर्थिऑप्सिस हा वेगळा वंश केला गेला. मऊ, काचेसारखी अर्धपारदर्शक टोकं असलेल्या कूपराय, रेटूसा वगैरे जाती हॉवर्थियातच राहिल्या. तुमच्या कामासाठी जुनं नावही चालेल. संकराचाही त्रास असतो: गॅस्टेरिया आणि हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि कोरफड यांचे संकर भरपूर आहेत, आणि ते कुठल्याच वर्णनात पूर्ण बसत नाहीत. पान एकाचं आणि फूल दुसऱ्याचं वाटलं तर जातीचं नाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

तसंही निगेसाठी जातीपर्यंत जायची गरज सहसा पडत नाही, वंश कळला की पुरतं. वंश मात्र कळायला हवा, आणि तुमच्या खिडकीतच त्याचं कारण आहे. एचेव्हेरियाला रोज चार-सहा तास थेट ऊन लागतं, नाहीतर ती ताणते. हॉवर्थिया तिच्या मायभूमीत, दक्षिण आफ्रिकेत, झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढते. तिला भरपूर उजेड हवा, सकाळचं कोवळं ऊन आवडतं, पण काचेतून येणारं दुपारचं ऊन सोसत नाही. तुमचं झाड अंधारातून एकदम उन्हात गेलं, म्हणून पानांनी तांबडं रंगद्रव्य बनवलं. तो रंग रोग नाही; खिडकीपासून मीटरभर आत सरकवलं किंवा मध्ये पातळ पडदा लावला तर काही आठवड्यांत हिरवं होईल. पुन्हा कधी जास्त उजेडात न्यायचं असेल तर दहा-पंधरा दिवसांत थोडंथोडं न्या. पांढरट-तपकिरी, कडक, खोलगट चट्टे पडले असतील तर ते पोळलेले आहेत आणि ते त्या पानावर कायम राहतील.

पण तांबूसपणाला दुसरंही कारण असू शकतं, आणि खालची पानं सुकताहेत म्हणून मला त्याचीच जास्त शंका येते: मुळं. भोक नसलेल्या काचेच्या वाडग्यात चमच्याने घातलेलं पाणी कुठे जातं? वरचा थर दोन दिवसांत वाळतो, म्हणून तुम्ही पुन्हा घालता. तळ मात्र कधीच वाळत नाही. तिथली मुळं गुदमरून कुजतात, आणि मुळं गेली की ओल्या मातीत उभं असूनही झाड तहानलेलं राहतं. मग ते खालच्या पानांतलं पाणी ओढून घेतं. सुकलेली पानं पाहून आपण पाणी वाढवतो, आणि उरलीसुरली मुळंही जातात. तळाशी खडे घातले असतील तर त्यानेही फरक पडत नाही. खड्यांवरच्या मातीचा खालचा थर पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो.

तपासायचं असं: रोझेट बुडाशी दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा. घट्ट असेल तर मुळं आहेत. डगडगलं किंवा उचलूनच आलं तर नाहीत. खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळलेली असणं हे वयाचं लक्षण, ती ओढून काढली तरी चालतील. पान मऊ, पाणथळ, पिवळट होऊन हात लावताच सुटत असेल तर ती कुज आहे आणि थांबून चालणार नाही.

दोन्ही परिस्थितींत वाडगा बदलाच. आठवडाभर पाणी बंद करा, म्हणजे माती सुटी होते. झाड बाहेर काढून जुनी माती बोटांनी झटका, धुऊ नका. मुळांच्या गड्ड्याभोवती बारीक जाळीची पिशवी दिसली तर ती कात्रीने कापून काढा. रोपवाटिकेत लहान रोपं तीत वाढवतात आणि विकताना तशीच राहते. हॉवर्थियाची जिवंत मुळं जाडसर, पांढरट-पिवळसर आणि टणक असतात. मेलेली तपकिरी, पोकळ. बोटांत धरून ओढली की साल निघून हातात नुसता दोरा राहतो. ती सगळी निर्जंतुक केलेल्या कात्रीने काढून टाका. मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर मुळांवरचे पिठ्या ढेकूण आहेत. मग सगळी माती टाकून मुळं धुवावी लागतील. (पानांच्या बेचक्यातल्या ढेकणांना सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी पुरते.) कापलेलं झाड सावलीत, कोरड्या जागी तीन ते पाच दिवस तसंच ठेवा. घाई केली तर ताज्या जखमेतून कुज परत शिरते.

कुंडी भोक असलेली, रोझेटपेक्षा एक-दोन सेंटिमीटरच रुंद. तुमच्या झाडाला आठ-दहा सेंटिमीटरची कुंडी बास झाली. मिश्रणात एक भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग दोन ते चार मिलिमीटरची जाड वाळू, एक भाग परलाइट किंवा प्यूमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे). बारीक वाळू घालू नका, ती फटी बुजवून मिश्रण सिमेंटसारखं करते. सगळ्यात खालची जिवंत पानं मिश्रणाच्या जरा वर राहतील इतकं खोल लावा. उघडं खोड मिश्रणात गेलं तर त्यातूनही मुळं फुटतात, पानं गेली तर कुजतात. आठवडाभर पाणी नको. त्यानंतर भोकातून वाहेपर्यंत पूर्ण भिजवा, रोझेटच्या मध्यात पाणी साचू देऊ नका, आणि पंधरा मिनिटांनी बशीतलं पाणी ओता. पुढचं पाणी कॅलेंडर बघून नाही: लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, कोरडी आणि स्वच्छ निघाली तर आणखी दोन-तीन दिवस थांबून द्या. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत हॉवर्थियाची वाढ मंदावते, तेव्हा दोन पाण्यांतलं अंतर वाढवा. एकही मूळ शिल्लक नसेल तर झाड नुसतं कोरड्यासर मिश्रणावर टेकवून उजेडाच्या सावलीत ठेवा आणि वरचा थर अधूनमधून किंचित ओला करा. तीन ते सहा आठवड्यांत नवी मुळं धरायला हवीत.

दांडा आता काय करायचा? फुलं बघून झाली असतील आणि मुळं गेलेली निघाली, तर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून लगेच कापा, कारण मुळं नसताना फुलांवर खर्च करणं झाडाला परवडत नाही. मुळं धडधाकट असतील तर वाळू द्या; पूर्ण वाळला की उरलेला खुंट हलक्या हाताने ओढताच निघतो.

ताणलेला भाग पुन्हा आखूड होणार नाही. नव्या जागी दोन-तीन महिने गेले की मध्यातून येणारी पानं बघा. ती जवळजवळ, आखूड आणि ठसठशीत पट्ट्यांची असतील तर उजेड बरोबर आहे, आणि ओळख पुन्हा ताडून बघायलाही हीच पानं घ्या, जुनी नकोत. बुडाशी पिल्लं येतील. पिल्लू आईच्या एक तृतीयांश झालं आणि त्याला स्वतःची मुळं आली की वेगळं करा. एचेव्हेरियासारखं पान तोडून मातीवर ठेवलं तर या जातीत क्वचितच काही उगवतं.

कुंडीत पाटी खोचताना पेन्सिलीने लिहा, शाई उन्हाने उडते: ‘हॉवर्थिऑप्सिस, बहुधा अटेन्युआटा, आतल्या अंगाला उंचवटे, फूल पांढरं, दोन ओठांचं’, आणि खाली कुंडी बदलल्याची तारीख. नख फिरवल्यावर आतलं अंग गुळगुळीत निघालं तर दोन्ही अंगांचे तिरक्या उजेडातले फोटो पाठवा.